पुट ऑफ : लांब कोण गेलं आणि कशापासून

आधी ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. 'आय पुट ऑफ गोइंग देअर' आणि 'इट पुट मी ऑफ गोइंग देअर'. शब्द जवळपास तेच, पुट तोच, ऑफ तोच, दोन्हीकडे जाण्याचीच गोष्ट चाललीये, पण पहिल्या वाक्यातला माणूस अजून तिथं जाणार आहे, फक्त आत्ता नाही, नंतर कधीतरी, आणि दुसऱ्या वाक्यातल्या माणसाचं तिथं जायचं मनच उडालंय, तो बहुतेक कधीच जाणार नाही. एवढा मोठा फरक कशाने पडला तर पुट आणि ऑफच्या मधे 'मी' म्हणजे 'मला' हा एवढासा शब्द येऊन बसला म्हणून. मला हे फार म्हणजे फारच आवडतं.

हे लिहायला बसले कारण फ्रेजल व्हर्ब्स, म्हणजे क्रियापदामागे ऑफ, अप असा छोटा शब्द लावून होणारी क्रियापदं, शिकवायची जी नेहमीची पद्धत आहे ना, डावीकडे क्रियापद उजवीकडे अर्थ अशी लांबलचक यादी द्यायची आणि पाठ करा म्हणायचं, ती मला अजिबात पटत नाही. त्या यादीत 'पुट ऑफ'समोर 'पुढे ढकलणे' एवढंच लिहिलेलं असतं. ते चूक नाहीये, पण तेवढ्या भांडवलावर माणूस वाचायला लागला की लवकरच अडतो, कारण कुठेतरी 'हिज मॅनर्स पुट मी ऑफ' असं येतं आणि त्याच्या वागण्याने मला पुढे ढकललं म्हणजे नक्की काय केलं तेच कळत नाही. मग शब्दकोश उघडावा तर तिथं ओळीने अर्थ दिलेले, पुढे ढकलणे, कुणाला तरी टोलवणे, मन उडवणे, लक्ष विचलित करणे, गाडीतून उतरवणे. हे सगळे सुटे सुटे पाठ करायची काही गरज नाही, कारण माझ्या मते ते सुटे नाहीतच. पुट म्हणजे ठेवणं आणि ऑफ म्हणजे कशापासून तरी लांब, सुटून, अलग. काहीतरी होतं तिथून उचललं आणि लांब ठेवलं, बस, एवढीच क्रिया आहे. मग प्रश्न दोनच उरतात, लांब कोण गेलं आणि कशापासून गेलं. ते दोन सापडले की अर्थ सापडला.

आधी काम लांब जातं तो अर्थ घेऊ, सगळ्यात जास्त तोच भेटतो. 'दे पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे.' मीटिंग आजपासून उचलली आणि सोमवारवर नेऊन ठेवली. टिल किंवा अनटिल आलं की पुढे नवा दिवस किंवा वेळ येते, फॉर आलं की किती काळासाठी ते येतं, 'फॉर अ वीक' म्हणजे आठवडाभर लांबणीवर. आणि पुढे दुसरं क्रियापद यायचं असेल तर ते आयएनजी लावूनच येतं, 'पुट ऑफ कॉलिंग', 'पुट ऑफ रायटिंग'. 'पुट ऑफ टू कॉल' असं होत नाही. मराठी माणसाकडून ते हमखास होतं, कारण आपण 'फोन करायचं पुढे ढकललं' असं म्हणतो आणि 'करायचं' म्हटलं की डोक्यात लगेच 'टू' वाजतो.

दुसरा खड्डा त्याहून खोल आहे. बोलताना आपण सर्रास 'मीटिंग पुट ऑफ झाली' म्हणतो, मराठीत ते बरोबरच आहे, पण तेच वाक्य इंग्रजीत नेताना 'द मीटिंग पुट ऑफ' असं लिहिलं जातं. 'मीटिंग सुरू झाली'चं 'द मीटिंग स्टार्टेड' होतं मग इथं का नाही, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण सुरू होणं मीटिंगला स्वतःला जमतं, लांब ठेवणं जमत नाही, ते कुणीतरी करावं लागतं. म्हणून एकतर 'दे पुट इट ऑफ' नाहीतर 'इट वॉज पुट ऑफ', बोलण्यात 'इट गॉट पुट ऑफ'सुद्धा चालतं, पण मधला वॉज किंवा गॉट गाळायचा नाही. आपल्या 'झाली'मधे हे सगळं गुपचूप सामावलेलं असतं त्यामुळे ते गाळलंय हेच लक्षात येत नाही.

आणि हो, पुटचं रूप बदलत नाही, आजही पुट, कालही पुट, 'पुटेड' असा शब्द नाही. त्यामुळे वाक्य कधीचं आहे हे आजूबाजूला बघून ठरवावं लागतं. 'शी पुट इट ऑफ' दिसलं तर ते भूतकाळातलं, कारण वर्तमानात शीबरोबर 'पुट्स' यायला हवं होतं. 'दे पुट इट ऑफ'मधे मात्र ही सोय नाही, तिथं पुढेमागे 'यस्टरडे' किंवा 'ऑलवेज' असं काही आहे का ते बघायचं. उच्चार पुट, पट नाही, गोल्फमधे चेंडू हळूच टोलवतात तो पट वेगळा शब्द आहे.

डिले आणि कॉल ऑफ हे दोघं याच्या आजूबाजूला सतत घोटाळत असतात, त्यांना वेगळं ठेवलेलं बरं. ट्रेनला उशीर झाला तर 'द ट्रेन वॉज डिलेड', तिथं पुट ऑफ म्हणता येत नाही, कारण कुणी बसून ठरवलेलं नसतं, झालेलं असतं. पुट ऑफमधे माणसाचा निर्णय असतो. आणि कॉल ऑफ म्हणजे रद्दच. मॅच पुट ऑफ झाली तर पुन्हा होणार आहे, कॉल ऑफ झाली तर आता विसरा. हा फरक ऑफिसच्या मेलमधे चुकला तर भलताच गोंधळ होतो, लोक कॅलेंडरमधून ती वेळच उडवून टाकतात आणि सोमवारी कुणी येतच नाही. मीटिंग अलीकडे घ्यायची असेल तर आपल्याकडे झकास 'प्रीपोन' आहे, तो शब्द अतिशय कामाचा आहे आणि मी तो बिनधास्त वापरते, पण समोरचा भारताबाहेरचा असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणावं, नाहीतर त्याला कळेलच असं नाही.

माझी भाची हे सगळं ऐकून म्हणाली, "मावशी, म्हणजे पोस्टपोन आणि पुट ऑफ सेमच ना गं, एक फॉर्मल आणि एक इनफॉर्मल?" प्रश्न चांगला होता आणि मीटिंगपुरतं उत्तर हो असंच आहे. मीटिंग पोस्टपोन केली काय आणि पुट ऑफ केली काय, पत्रात पोस्टपोन शोभतं आणि बोलण्यात पुट ऑफ, एवढंच. पण मी तिला म्हटलं, "हे वाक्य बघ, 'आय हॅव बीन पुटिंग इट ऑफ फॉर मंथ्स'. इथं पोस्टपोनिंग टाकून बघ बरं." तिने टाकून बघितलं आणि म्हणाली, "काहीतरी नोटीस काढल्यासारखं वाटतंय." अगदी तेच! पोस्टपोनमधे तारीख बदलते, पुटिंग ऑफमधे मन मागे सरतं. डॉक्टरकडे जायचंय, एका माणसाची माफी मागायचीये, दुखरा दात दाखवायचाय, कुणालातरी वाईट बातमीचा फोन करायचाय, अशा ठिकाणी हे क्रियापद खरं राहायला येतं. काम मोठं असतं असं नाही, दोन मिनिटांचंही असू शकतं, पण ते करायच्या विचारानेच पोटात कसंतरी होतं म्हणून हात लागत नाही. 'आय कीप पुटिंग इट ऑफ' असं म्हणणारा माणूस वेळापत्रकाबद्दल बोलत नाहीये, तो सांगतोय की मला हे नको वाटतंय. आणि जे टळणारच नाही ते टाळणाऱ्यासाठी इंग्रजीत 'पुट ऑफ द इनएव्हिटेबल' किंवा 'पुट ऑफ द ईव्हिल डे' असं म्हणतात, नको असलेला दिवस ढकलत राहणं.

इथं आपली मराठी भाषा इतकी श्रीमंत आहे की विचारू नका. पुढे ढकलणं वेगळं, लांबणीवर टाकणं वेगळं, टाळाटाळ वेगळी, आज-उद्या करणं वेगळं, भिजत घोंगडं ठेवणं तर एकदमच वेगळं, त्यात काम हातात घेतलेलं असतं आणि तरी संपवलेलं नसतं. आणि या सगळ्यात मला जो शब्द पुट ऑफच्या सगळ्यात जवळचा वाटतो तो म्हणजे चालढकल. पुढे ढकलणं हा एकदाचा निर्णय असतो, चालढकल ही सवय असते. आपण त्यासाठी दोन शब्द ठेवलेत, इंग्रजी एकाच शब्दात भागवते आणि फरक काळावर सोडते. 'आय पुट इट ऑफ' साधा भूतकाळ, म्हणजे ढकललं, एकदा, ठरवून. 'आय हॅव बीन पुटिंग इट ऑफ' किंवा 'आय कीप पुटिंग इट ऑफ' म्हणजे चालढकल चाललीये. म्हणून मी म्हणते की या क्रियापदाचा अर्थ नुसता शब्दकोशात शोधून पुरत नाही, त्याच्या अंगावर कुठला काळ आहे तेही बघावं लागतं.

आता कामाऐवजी माणूस लांब ठेवला की काय होतं ते बघू. 'ही वॉन्टेड अ स्ट्रेट आन्सर, बट दे केप्ट पुटिंग हिम ऑफ.' त्याला सरळ उत्तर हवं होतं, पण ते त्याला टोलवत राहिले. साहेब मीटिंगमधे आहेत, पुढच्या आठवड्यात बघू, फाईल वर पाठवलीये, अशी एकामागून एक कारणं. याला आपल्याकडे वाटाण्याच्या अक्षता लावणं म्हणतात आणि हा अर्थ त्याहून नेमका सांगता येईल असं मला वाटत नाही. कारण देऊन टोलवलं असेल तर 'विथ' येतो, 'पुट हिम ऑफ विथ अ व्हेग प्रॉमिस', मोघम आश्वासन देऊन वाटेला लावलं. पण प्रत्येक वेळी यात लबाडी असतेच असं नाही हं. पाहुणे यायचेत आणि घरात कुणीतरी आजारी पडलं, तर 'वी हॅड टू पुट देम ऑफ' म्हणजे त्यांना आत्ता येऊ नका असं कळवावं लागलं, त्यात काही वाईट नाही. दोन्हीकडे माणूसच लांब ठेवलाय, पण एकदा त्याच्या कामापासून आणि एकदा आपल्या दारापासून.

आणि मग येतो तो अर्थ, ज्याच्यामुळे यादीवाले विद्यार्थी अडतात. इथं ढकलणारा माणूस नसतोच, एखादी गोष्ट असते, वास, आवाज, वागणं, बोलण्यातला तोरा, पहिल्याच पानावरची किचकट भाषा, आणि लांब जातो तो आपण, म्हणजे आपलं मन. 'द स्मेल पुट मी ऑफ', वासानेच नको झालं. 'हिज टोन पुट एव्हरीवन ऑफ', त्याच्या बोलण्याच्या पद्धतीनेच सगळ्यांचं मन उतरलं. आपण म्हणतो मन विटलं, मन उडालं, नको नकोसं झालं, वासनाच मेली, आणि हे सगळं पुट ऑफमधे बसतं. कशावरून मन उडालं ते लगेच पुढे येतं, 'पुट मी ऑफ माय फूड' म्हणजे अन्नावरची वासना गेली, 'पुट मी ऑफ ड्रायव्हिंग' म्हणजे गाडी चालवायलाच नको वाटायला लागलं, आणि 'पुट मी ऑफ फॉर लाइफ' म्हणजे ते जन्मासाठी सुटलं. टर्न ऑफ हाही याच्या शेजारचा, पण तो जास्त जोरकस आहे आणि त्याला शारीरिक आकर्षणाची छटा चटकन चिकटते, म्हणून ऑफिसात किंवा अनोळखी लोकांत 'इट टर्न्ड मी ऑफ' म्हणण्यापेक्षा 'पुट मी ऑफ' बरं, त्यात सभ्यपणा आहे.

याच अर्थातलं एक वाक्य इंग्रजी परीक्षणांमधे वारंवार दिसतं आणि ते ओळखता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द लेंग्थ.' लांबी बघून बिचकू नका, मागे फिरू नका, आत चांगलं आहे. लेंग्थच्या जागी काहीही येतं, कव्हर, नाव, सुरुवातीचा संथपणा, समोरच्याचा रागीट चेहरा. हे वाक्य म्हणजे एक हात धरून आत नेणं आहे. आणि इथला 'बाय' नीट बघा, हा बाय कशामुळे ते सांगतो. पुट ऑफच्या मागे टिल दिसला तर बहुतेक पुढे ढकलणं, बाय दिसला आणि ज्याबद्दल बोलतोय तो माणूस असेल तर बहुतेक मन उडणं. 'द ट्रिप वॉज पुट ऑफ टिल मे', 'शी वॉज पुट ऑफ बाय द क्राउड'. पहिल्यात सहल मेवर गेली, दुसऱ्यात गर्दी बघून तिला नको झालं.

यातूनच 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण झालंय, भाग उलटे करून. 'ही हॅज अ स्लाइटली ऑफ-पुटिंग मॅनर', त्याचं वागणं जरा लांब ठेवणारं आहे, जवळ जावंसं वाटत नाही असं. याचा पुढे ढकलण्याशी काही संबंध नाही, फक्त मन उडवणं आणि कधी कधी लक्ष उडवणं एवढ्यासाठीच ते वापरतात.

लक्ष उडवणं हा अर्थ त्यामानाने सोपा. कुणी लिहितंय, मोजतंय, नेम धरतंय आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघताय, तर तो म्हणेल 'स्टॉप स्टेअरिंग, यू आर पुटिंग मी ऑफ'. असा बघत राहू नकोस, माझं लक्ष जातंय. इथं माणूस लांब जातो तो हातातल्या कामापासून, तेवढ्यापुरता, काम नको वाटतंय असं नाही. लय बिघडली असं म्हणायचं असेल तर 'पुट मी ऑफ माय स्ट्राइड' म्हणतात, स्ट्राइड म्हणजे चालण्याची ढांग, ती चुकली. हा अर्थ ब्रिटिश बोलण्यात जास्त. तसंच बस थांबवून कुणाला उतरवणं हाही पुट ऑफच, 'कुड यू पुट मी ऑफ ॲट द नेक्स्ट स्टॉप', माणूस बसपासून लांब, यात समजावण्यासारखं काहीच नाही इतकं ते सरळ आहे.

जुन्या इंग्रजीत डोकावलं तर हा लांब ठेवण्याचा अर्थ आणखी स्पष्ट दिसतो. आज आपण कपडे 'टेक ऑफ' करतो, पण पूर्वी ते 'पुट ऑफ' करायचे. 1611 साली छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलमधे मोझेसला पायातले जोडे काढ असं सांगितलंय तिथं क्रियापद 'पुट ऑफ'च आहे. अंगावर घालणं पुट ऑन, अंगापासून दूर ठेवणं पुट ऑफ, जोडी किती सरळ होती बघा. पुट ऑन राहिलं आणि त्याचा जोडीदार या अर्थाने मागे पडला. टोपी काढून अभिवादन करण्याला 'डॉफ' म्हणतात, तो शब्दही असाच, 'डू' आणि 'ऑफ' एकमेकांत मिसळून झालेला, आणि घालण्याचा 'डॉन' हा 'डू' आणि 'ऑन' मिळून. होडी किनाऱ्यापासून सुटली की तिलाही 'पुट ऑफ' म्हणत, जमिनीपासून लांब. सगळीकडे तीच एक हालचाल.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येते. फ्रेजल व्हर्ब हा इंग्रजीचा विचित्रपणा आहे, आपल्याला परका आहे असं सगळे म्हणतात आणि मला ते मुळीच मान्य नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाने हा श्लोक म्हटलाय, 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने भलतीकडेच घेऊन जातो, जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, हृ, पण एक मारतो, एक जेवतो, एक नाश करतो, एक फिरायला जातो. पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट, पुट अप, पुट डाउन यात वेगळं काय चाललंय? तेच चाललंय, फक्त संस्कृतात तो छोटा शब्द पुढे चिकटतो आणि इंग्रजीत मागे सुटा राहतो.

आणि सुटा राहण्याचंही नवल नाही. पाणिनीने अष्टाध्यायीत आधी 'ते प्राग्धातोः' म्हणून सांगितलं, हे उपसर्ग धातूच्या आधी येतात, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदांसाठी सूट दिली, 'छन्दसि परेऽपि', 'व्यवहिताश्च', म्हणजे वेदात ते धातूच्या नंतरही येतात आणि मधे दुसरे शब्द घालून लांबही राहतात. ऋग्वेदातलं 'आ कृष्णेन रजसा वर्तमानो' घ्या, त्यातला पहिला 'आ' हा 'वर्तमानो'चा आहे, आणि मधे दोन अख्खे शब्द बसलेत. 'पुट इट ऑफ'मधे इट बसतो तसेच! त्यात आणखी एक गंमत अशी की इंग्रजीचा ऑफ आणि आपला अप हे एकाच मुळातून आलेले सख्खे नातलग आहेत. अपहरणातला अप, अपसरणातला अप, दूर नेणारा. इंग्रजीत ऑफ आणि ऑव्ह हेही पूर्वी एकच होते, जोर देऊन म्हटलेला तो ऑफ, आणि स्पेलिंगमधे ते नीट वेगळे झाले ते साधारण 1600 नंतर. तेव्हा ऑफ दिसला की मनात अप म्हणा, अर्थाची दिशा लगेच कळते.

परक्यांना हे जड जातं हे इंग्रजांनाही फार पूर्वी कळलेलं होतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली जो मोठा शब्दकोश काढला त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट लिहिलंय की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही रीत आमच्या भाषेत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परदेशी माणसांना सगळ्यात मोठी अडचण तिचीच होते, आणि म्हणून त्याने असे प्रयोग मुद्दाम काळजीपूर्वक गोळा केले. तेव्हा त्याला फ्रेजल व्हर्ब हे नाव नव्हतं. ते नाव रुळलं ते लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने 1925 साली ते वापरल्यावर, आणि त्यानेही सांगून ठेवलंय की हे नाव आपल्याला हेन्री ब्रॅडलीने सुचवलं, जो ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचा एक संपादक होता.

लॅटिनकडून आलेले भारदस्त शब्द उघडून बघितले तर आतूनही हेच निघतं. पोस्टपोन म्हणजे 'नंतर' आणि 'ठेवणं'. डिफर म्हणजे अलग आणि वाहून नेणं. डिटर म्हणजे घाबरवून लांब करणं. रिपेल म्हणजे मागे हाकलणं. डिस्ट्रॅक्ट म्हणजे वेगळीकडे ओढणं. प्रोक्रॅस्टिनेटमधला 'क्रास' म्हणजे तर लॅटिनमधला उद्या, म्हणजे उद्यावर टाकणं, शब्दशः. हे सहाच्या सहा शब्द जिथं जिथं येतात तिथं बोलताना साधा माणूस पुट ऑफ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे फ्रेजल व्हर्ब म्हणजे हलकी भाषा आणि लॅटिन शब्द म्हणजे चांगली भाषा असं जे मनात बसलेलं असतं ते काढून टाकायला हवं, मुलाखतीत 'आय डिड नॉट वॉन्ट टू पुट इट ऑफ एनी लाँगर' म्हणणाऱ्याचं इंग्रजी 'आय डिड नॉट विश टू प्रोक्रॅस्टिनेट'वाल्यापेक्षा जास्त जिवंत वाटतं.

वापरताना शब्द कुठं ठेवायचे ते राहिलं. साधं नाम असेल तर ऑफच्या आधी किंवा नंतर कुठंही चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ' किंवा 'पुट ऑफ द मीटिंग'. पण इट, हिम, हर, देम, मी असे छोटे असतील तर ते मधेच हवेत, 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' कधीही नाही. आणि नाम लांबलचक असेल तर ते शेवटी टाकावं, 'पुट ऑफ द मीटिंग वी हॅड प्लॅन्ड विथ द न्यू टीम', नाहीतर ऑफ बिचारा इतका लांब जाऊन पडतो की वाचणाऱ्याला तो कुणाचा ते कळत नाही. बोलताना जोर ऑफवर द्यायचा, पुट इट ऑ-फ, इट जवळजवळ गिळायचा. सुरुवातीला वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, कानाला सवय झाली की 'पुट ऑफ इट' आपोआप खुपायला लागतं.

दिव्याचं काय, हे बरेच जण विचारतात. आपण घरात सर्रास 'लाइट पुट ऑफ कर' म्हणतो आणि समोरचा दिवा मालवतो, म्हणजे काम झालं. पण ज्यांना जगभर सगळीकडे सहज समजेल असं बोलायचंय त्यांनी 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणावं. दिवा लावायला पुट ऑन चालतं म्हणून मालवायला पुट ऑफ चालेल असं वाटतं, पण ती जोडी सगळीकडे तशी जुळत नाही. पुट आउट चालतं, दिव्यालाही आणि आगीलाही.

शेवटी एक वाक्य देते, त्याच्यावर हात बसवून बघा. 'शी पुट हिम ऑफ.' नुसतं एवढंच वाचून सांगता येणार नाही. तो भेटायला यायचा होता आणि तिने आज नको, गुरुवारी ये असं कळवलं असेल. तो पैसे परत मागत होता आणि तिने पुन्हा एकदा वाटाण्याच्या अक्षता लावल्या असतील. तो तिच्याशी बोलायला आला आणि तिच्या तुसडेपणामुळे त्याचं मन उडालं असेल. तो बुद्धिबळाची चाल विचारात घेत होता आणि ती मधेच मोठ्याने हसली असेल. किंवा ती बस चालवत होती आणि तिने त्याला थांब्यावर उतरवलं असेल. आता याच वाक्याच्या शेवटी एकेक तुकडा लावा, 'टिल थर्सडे', 'विथ अनदर एक्सक्यूज', 'विथ हर रूडनेस', 'बाय लाफिंग', 'ॲट द कॉर्नर', आणि प्रत्येक वेळी तो कशापासून लांब गेला ते मराठीत म्हणून बघा.